पानाची पाठ : दोन समकालीन चित्रकारांच्या कृतींचें परीक्षण

चित्रित पोथीचें सुटें पान हातीं आलें म्हणजे जाणता संग्राहक तें प्रथम उलटून पाहतो. पुढील बाजूचे रंग कोणासही दिसतात. पानाचें कूळ आणि वय बहुधा पाठीवर असतें. बसोहलीची प्रसिद्ध रसमंजरी हें याचें उत्तम उदाहरण होय. भानुदत्ताचे श्लोक त्या चित्रांच्या पाठीवर लिहिलेले आहेत. आणि राजा कृपाल पाल याच्यासाठीं देवीदास नांवाच्या चित्रकारानें विक्रम संवत् १७५२ मध्यें, म्हणजे इ. स. १६९५ सालीं, तीं काढलीं हें आपणांस कळतें तें पुष्पिकेवरून. ती पुष्पिका हरवली असती तर पहाडी चित्रांच्या कालनिर्णयाची एक भक्कम खुंटीच निखळली असती. असें असूनही चित्र चौकटींत बसवावें, पाठीस पुठ्ठा डकवावा, आणि पुस्तकांत छापावें तें केवळ पुढचें अंग, ही रीत कित्येक पिढ्या अव्याहत चालत आलेली आहे. पोथी फोडून पान पान विकणाऱ्यांनीं जी हानि केली तिच्या खालोखाल हानि या पुठ्ठ्यानें केली. एका खाजगी संग्रहांत नायिकेचें एक सुरेख पान प्रस्तुत लेखकानें पाहिलें. त्याची पाठ सरसानें अशी चिकटविलेली होती कीं, कडेला डोकावणारीं दीड अक्षरें सोडल्यास श्लोकाचा मागमूस उरलेला नव्हता. मालकांस मात्र त्या चौकटीचा मोठा अभिमान होता.

हें इतकें विस्तारानें सांगण्याचें कारण, पाठ हें चित्राचें अर्धें अंग आहे ही गोष्ट ओळखून चित्रें काढणारी एक कलावती आपल्याच काळांत झालेली आहे. श्रीमती नीलिमा शेख यांनीं २००३ पासून पुढें सुमारें सात वर्षें काश्मीरविषयक मोठमोठ्या पटांची एक मालिका रचिली, व त्या पटांच्या मागील बाजूस निरनिराळ्या काळांतील ग्रंथकारांचे उतारे लिहिले. त्यांत कल्हणाची राजतरंगिणी आहे, लल्लेश्वरीचीं वाक्यें आहेत, आणि अगदीं अलीकडील कवि व कादंबरीकारही आहेत. त्यांचे पति श्री. गुलाममोहम्मद शेख यांचीही चित्रें जुन्या पोथ्या, नकाशे व फिरतीं देवळें यांच्याशीं अशाच रीतीनें निगडित आहेत. या दोघांच्या कृतींचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे.

बखरी, सनदा व महजर यांसाठीं राखलेल्या पानांत आजच्या चित्रकारांची चर्चा कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आजचा प्रत्येक दुसरा चित्रकार आपण ‘वारशा’चा व ‘अंतरंगा’चा शोध घेत आहों असें सांगतो, आणि वर्तमानपत्रांतील परीक्षणें चित्रांत एखादें कमळ, मोर किंवा चार देवनागरी अक्षरें दिसतांच तो दावा मान्य करून मोकळीं होतात. हा दावा ज्या वस्तूंविषयीं आहे त्या वस्तु आपल्या कपाटांत आहेत. मूळ प्रत कोणती, ती वाचून घेतली कीं नुसती पाहून घेतली, आणि घेतल्यावर तिच्यांत आपल्या पदरचें काय घातलें, हें तपासण्याचा सराव ज्यांना आहे त्यांनींच हें काम दुसऱ्यावर सोंपवून बसावें, हें ठीक नव्हे.

दोघेही बडोद्याचे म्हणून ओळखले जातात, आणि ही गोष्ट मराठी वाचकांस परकी वाटूं नये. सयाजीराव महाराजांच्या प्रोत्साहनानें त्या नगरींत हस्तलिखितांचा जो संग्रह झाला त्यांतून १९१६ सालीं राजशेखराच्या काव्यमीमांसेनें गायकवाड प्राच्यग्रंथमालेचा आरंभ झाला. पुढें महाराजांच्याच नांवाच्या विद्यापीठांत १९५० सालीं ललितकलांची शाखा निघाली, व तेथें चित्रकला शिकविण्यास आपले ना. श्री. बेंद्रे गेले. श्री. शेख हे त्यांचे विद्यार्थी. एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ति त्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्यामंदिरांतून १९६० ते १९७५ या काळांत बाहेर पडली. म्हणजे एका इमारतींत पंडित रामायणाचे पाठभेद जुळवीत होते, आणि त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतींत कलेतिहास शिकविणारा एक तरुण पुढें आपल्या नकाशांत सुवर्णमृगामागें धांवणारा राम काढणार होता. दोहोंचा एकमेकांशीं किती परिचय होता तें सोडा. दोन्हीही कामें एका अर्थानें पाठभेदांचींच.

श्री. शेख यांचा जन्म १९३७ सालीं सौराष्ट्रांत सुरेंद्रनगर येथें झाला. १९६३ ते १९६६ हीं तीन वर्षें त्यांनीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्ट या संस्थेंत काढलीं, आणि तेथील व्हिक्टोरिया व आल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत अकबरकालीन चित्रें डोळे भरून पाहिलीं. आपल्या देशांतील पानें पाहावयास समुद्रापलीकडे जावें लागतें, याची खंत आपणां सर्वांस आहेच; तिची उजळणी येथें नको. परत आल्यावर १९६९ ते १९७३ या काळांत त्यांनीं जें चित्र काढलें त्याच्या नांवाचा अर्थ ‘दीर्घ वियोगानंतर घरीं परतणें’ असा आहे. चित्राच्या खालच्या अंगास त्यांच्या मातोश्रींची मूर्ति आहे, ती छायाचित्रावरून घेतलेली. मागें मोहल्ल्यांतील घरें व मशीद. आणि वर, आभाळाच्या ठिकाणीं, इराणी पोथीचित्रांतील मिराजाचा प्रसंग : देवदूतांच्या मेळ्यांतून पैगंबरांचें स्वर्गारोहण.

या चित्रांत उसनवारी उघड आहे, आणि ती उघड ठेवण्यांतच त्याचा प्रामाणिकपणा आहे. इराणी पानांतील देवदूत सुरेंद्रनगरच्या छपरांवर येऊन ठेपले म्हणून त्यांचें इराणीपण पुसलें गेलेलें नाहीं. आईचें छायाचित्रही छायाचित्रासारखेंच दिसतें. टीकाकार मूळ श्लोक वेगळ्या शाईनें लिहून खालीं आपलें भाष्य लिहितो, तशी ही मांडणी आहे. आपल्या आईच्या डोक्यावर कोणतें आकाश होतें हा प्रश्न चित्रकारानें स्वतःस विचारला, आणि त्याचें उत्तर त्याला बालपणच्या आठवणींत सांपडलें नाहीं, परदेशांत पाहिलेल्या पोथींत सांपडलें. अंतरंगाचा शोध आणि वारशाचा शोध हे येथें एकच होऊन जातात. पुढें श्री. शेख यांनीं आत्मपर लेखांचें जें गुजराती पुस्तक लिहिलें त्याचें नांवही ‘घेर जतां’, म्हणजे घरीं जातां जातां, असें आहे. त्यास २०२२ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

त्यांची दुसरी दखल घेण्याजोगी कृति म्हणजे ‘माप्पामुंडी’ या नांवाची चित्रमाला. तिचा आधार ठरलेल्या नकाशाची हकीकत संग्राहकांस विशेष वाटेल. जर्मनींतील एब्स्टोर्फ येथील मठांत १९व्या शतकाच्या पूर्वार्धांत एक अवाढव्य जगन्नकाशा सांपडला. तो १३व्या शतकांतील असून बकऱ्यांचीं ३० कातडीं जोडून त्यांवर काढलेला होता. लांबीरुंदी सुमारें साडेतीन मीटर. जेरुसलेम नगर मध्यभागीं, आणि सगळें भूमंडळ म्हणजे ख्रिस्ताची काया : वरच्या बाजूस मस्तक, दोहों अंगांस हात, तळाशीं पाय. आपल्याकडील लोकपुरुषाच्या पटांशीं याचें साम्य कोणाच्याही ध्यानांत येईल. हा नकाशा १९४३ सालीं हानोव्हर शहरावरील बॉंबवर्षावांत जळून गेला. आज उरल्या आहेत त्या पूर्वी घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेल्या प्रतिकृति. श्री. शेख यांच्या हातीं आला तो त्या नकाशाचें चित्र छापलेला एक साधा पोस्टकार्डाचा तुकडा. त्यांनीं त्या जगाची चौकट ठेवली व आंत आपलीं माणसें वसविलीं : कबीर, मजनूं, मृगामागें जाणारा राम, ख्रिस्तास भेटणारी मेरी मॅग्डालेन.

मूळ प्रत नष्ट झालेली, उपलब्ध तें प्रतिकृतीचें प्रतिरूप, आणि त्याच्या समासांत एका दूरच्या देशांतील वाचकाच्या टिपा, असें हें प्रकरण आहे. पोथ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत अद्भुत कांहीं वाटणार नाहीं. कित्येक ग्रंथ आपल्यापर्यंत याच वाटेनें आले. मात्र एक दोष सांगितला पाहिजे. श्री. शेख यांना विद्वत्ता आवरत नाहीं. एकेका पटावर इतके आधार, इतक्या कथा, इतके देश एकत्र येतात कीं, पाहणारा ओळखी पटविण्यांतच थकून जातो. बहुश्रुत टीकाकार मूळ श्लोक बाजूस ठेवून कोशांतील वचनें रचूं लागतो त्या वेळीं विद्यार्थ्याची जी अवस्था होते, ती चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसानें पाहिलेली आहे.

ही गर्दी सुसह्य होते ती त्यांच्या ‘कावड’ या रचनेंत (२००८). राजस्थानांत चितोडजवळ बस्सी येथील सुतार लाकडाचीं फिरतीं देवळें करतात. दारामागें दार, आणि प्रत्येक दारावर चित्रें. कावडिया भाट तीं दारें एकेक करून उघडतो व कथा सांगतो. श्री. शेख यांनीं हा घाट मोठ्या आकारांत घेतला. त्याचा लाभ असा कीं, सर्व कांहीं एकदम दिसत नाहीं. दार उघडेपर्यंत आंतलें चित्र राखलेलें असतें, आणि क्रम पाहणाऱ्याच्या हातीं राहतो. ग्रंथाचें पान उलटण्याची क्रिया चित्रास परत मिळाली, असें म्हणतां येईल.

येथें तुलनेसाठीं एका दाक्षिणात्य चित्रकाराचा उल्लेख करतों. के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) यांनीं १९६३ पासून ‘शब्द आणि प्रतीकें’ ही मालिका काढली. त्या चित्रांवर जन्मपत्रिकेसारखीं कोष्टकें व अक्षरांसारख्या आकृति दाटीनें मांडलेल्या आहेत. पाहणारा भिंग घेऊन पुढें सरसावतो, आणि वाचावयास कांहींच नाहीं असें आढळतें. कोणा विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीवरून ही कल्पना सुचली असें सांगतात. लिपिज्ञास प्रथम राग येतो. तथापि पणिक्कर फसवीत नाहींत. ज्याला ग्रंथलिपि वाचतां येत नाहीं त्या नातवाला आजोबांची ताडपत्रें जशीं दिसतात, तशीं तीं त्यांनीं काढलीं. तो अनुभवही खरा आहे, आणि दुर्दैवानें तोच आज अधिक घरांतून आहे. परंतु त्या वाटेनें गेलेल्या पुष्कळांनीं अक्षर म्हणजे एक नक्षी अशी समजूत करून घेतली, आणि त्यांच्या चित्रांविषयीं या पानांत लिहिण्यासारखें फारसें नाहीं.

श्रीमती शेख यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचीं अक्षरें वाचण्यासाठींच आहेत. त्यांचा जन्म १९४५ सालीं दिल्ली येथें झाला. चित्रकलेकडे वळण्यापूर्वी त्यांनीं इतिहासाचें अध्ययन केलें, आणि तें त्यांच्या कृतींत शेवटपर्यंत जाणवतें. ‘चंपा मोठी झाली तेव्हां’ अशा अर्थाच्या नांवाची त्यांची १९८४ ची मालिका प्रथम पाहावी. लहान आकाराचीं बारा पानें, जुन्या लघुचित्रांच्या धर्तीचा कागद, पाण्याचे बंधकमिश्रित रंग. परिचयांतील एका मुलीची ती हकीकत : पहिल्या पानांतून ती मोकळी खेळते, मग लग्न, मग सासर, आणि शेवटीं जळून मृत्यु. जुन्या पोथींत बारा पानांवर बारमास येत. ऋतु पालटत, नायिका वाट पाहत राही. तीच नाजूक रेषा, तोच लहानसा आवार, तींच जवळजवळ मांडलेलीं घरें, आणि त्यांत हुंड्यापायीं झालेला खून. पोथीचित्राची भाषा केवळ शृंगारासाठीं आहे असा जो समज संग्राहकांनींच रूढ केला, तो या बारा पानांनीं मोडला.

काश्मीरचे पट यापुढचे. प्रत्येक पट सुमारें दहा फूट उंच व सहा फूट रुंद. कॅनव्हासवर दुधांतील केसिन घालून कालविलेले रंग. मालिकेचें नांव ‘ईच नाइट पुट काश्मीर इन युवर ड्रीम्स’ असें असून तें आगा शाहिद अली (१९४९–२००१) या काश्मीरी कवीच्या कवितेंतून घेतलेलें आहे. बालपणीं उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत श्रीमती शेख यांचें काश्मीरांत जाणें होत असे. म्हणजे भूमि पाहिलेली, परंतु आपली नव्हे. हें अंतर त्या कोठेंही लपवीत नाहींत. पटांत डोंगर एकावर एक रचलेले, मधून पाण्याच्या वाटा, लहान लहान मनुष्याकृति. कोणी विणीत आहे, कोणी रडत आहे, कोणी निघून चाललें आहे. ‘हुनरमंद’ नांवाचा पट कारागिरांचा आहे. नक्षीचे पुष्कळसे भाग मथुरेच्या सांझी कारागिरांकडून कातरून घेतलेल्या कागदी छापांनीं उमटविलेले आहेत. मथुरा-वृंदावनच्या देवळांत पितृपक्षांत अशा छापांतून रंग गाळून सांझी काढतात. आपल्या रांगोळीच्या छाप्यांची ती थोर बहीण. श्राद्धपक्षांतील ही कला दिवंगतांच्या चित्रांत यावी, हें औचित्य श्रीमती शेख यांनीं हेतुपूर्वक साधलें असो वा नसो, संस्कृतज्ञ वाचकास तें जाणवल्यावांचून राहत नाहीं.

पट भिंतीस टेकवून लावीत नाहींत. ते अधांतरीं टांगतात, आणि पाहणाऱ्यास मागें जावें लागतें. २०१० मध्यें मुंबईस व २०१४ मध्यें शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्यें त्यांचीं प्रदर्शनें झालीं. पुढून पाहतां रंगांची मोहिनी इतकी कीं, काश्मीर म्हणजे नंदनवन ही जुनी प्रवासवर्णनी कल्पनाच दृढ व्हावी. मागें जावें तों रंग संपलेले असतात आणि मजकूर सुरू होतो. मग पुन्हा पुढें यावें तर तीच आकृति निराळी दिसते : जी फुलें तोडीत आहे असें वाटलें ती कोणाला तरी शोधीत असावी अशी शंका येते. बसोहलीच्या पानांचा जाणता वाचक असाच पान उलटून उलटून पाहत असे. तेथें श्लोक नायिकेची जात सांगे. येथें उतारा पाहणाऱ्यास विचारतो कीं, तुला आतांपर्यंत काय दिसत होतें?

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. आमच्यापैकीं पुष्कळांस असें वाटेल कीं, या उताऱ्यांत कल्हण येतो तो इंग्रजींत. मूळ संस्कृत नाहीं, शारदा लिपि नाहीं. ज्याला वारसा म्हणावयाचा तो भाषांतराच्या हातून घेतलेला. आक्षेप गंभीर आहे, परंतु राजतरंगिणी आपल्यापर्यंत कशी आली हें आठवल्यास त्याची धार कांहींशी बोथटते. कलकत्त्यास १८३५ सालीं निघालेली पहिली छापील आवृत्ति देवनागरी नकलांवरून तयार झाली, आणि शारदेंतील अक्षरें देवनागरींत उतरवितांना झालेल्या प्रमादांनीं ती भरून गेली. १८७५ मध्यें ब्यूलर काश्मीरांत गेले, त्या वेळीं राजानक रत्नकंठाच्या हातची १७व्या शतकांतील शारदा प्रत त्यांस पाहावयास मिळाली, पण ती फार काळ हातीं राहिली नाहीं. मालक पंडित केशवराम निवर्तल्यावर त्यांच्या तीन वारसांनीं ती पोथी तीन भागांत वांटून घेतली. ते तुकडे १८८९ मध्यें स्टाइन यांनीं मिनतवारीनें मिळविले, आणि त्यांवरून त्यांची आवृत्ति १८९२ सालीं मुंबईस छापली गेली. इंग्रजी भाषांतर १९०० चें. पुढें १९३५ मध्यें दुसरें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें तें रणजित सीताराम पंडित या मराठी गृहस्थांचें, बरेचसें तुरुंगांत सिद्ध केलेलें. ब्यूलर यांनीं त्या प्रवासांत मिळविलेलीं हस्तलिखितें आज पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आहेत. तेथील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांचा युनेस्कोनें २००७ सालीं जगाच्या स्मृतिलेखांत समावेश केला त्यांत शारदा लिपींतलें भूर्जपत्रावरचें एक आहे. तात्पर्य, काश्मीरचा ग्रंथ काश्मीरबाहेर नेहमींच उतरवून, वांटून, परक्या अक्षरांत फिरला. श्रीमती शेख यांचा इंग्रजी उतारा हा त्या फिरतीचा आणखी एक मुक्काम आहे. मूळ श्लोक शेजारीं असता तर अधिक बरें झालें असतें, हें मत मात्र कायम ठेवतों.

याहून महत्त्वाचा प्रश्न रसाचा. शके १०७० मध्यें लेखनास आरंभ करणाऱ्या कल्हणानें पहिल्याच तरंगांत आपली साधनें सांगितलीं आहेत : अकरा पूर्वसूरींचे ग्रंथ, नीलमतपुराण, राजांचे शिलालेख, दानपत्रें, प्रशस्ति. या त्रैमासिकाच्या वाचकांनीं त्याला आपला आद्य सभासद मानण्यास हरकत नाहीं. तोच कल्हण लगेच सांगतो कीं, प्राण्यांचें क्षणभंगुर जीवित ध्यानीं घेऊन या काव्यांत शांतरस प्रधान मानावा. साधनांची छाननी आणि वैराग्याची दृष्टि या दोन गोष्टी त्याला परस्परविरोधी वाटल्या नाहींत. पटांचा पुढचा भाग शृंगाराच्या अलंकारांनीं मोह घालतो, मागचा करुण जागवितो, आणि दोहोंमध्यें येरझारा करणाऱ्याच्या मनांत हळूहळू जी स्थिरता येते ती शांताच्या जवळची आहे. अंतरंगाचा शोध म्हणून जें आजकाल सांगितलें जातें त्यांतील बहुतेक भाग चित्रकाराच्या स्वतःच्या मनोव्यापारांचा असतो. येथें पाहणाऱ्याचें अंतरंग कामास लावलेलें आहे, आणि तेंही पायांनीं चालवून.

परंतु याच ठिकाणीं माझें समाधान होत नाहीं. कल्हण शांतरस प्रधान मानतो, तरी अपराध्याचें नांव गाळीत नाहीं. त्याचा पिता चंपक हा हर्ष राजाचा मंत्री. तरीही हर्षानें देवालयें लुटलीं, मूर्ति उपटविल्या, आणि त्यासाठीं देवोत्पाटननायक असा स्वतंत्र अधिकारी नेमला, हें त्यानें अधिकाऱ्याच्या नांवासह लिहून ठेविलें. इतिहास लिहिणाऱ्यानें न्यायाधीशाप्रमाणें राग-द्वेष बाजूस ठेवावे असें तो म्हणतो, आणि न्यायाधीशाला निवाडा द्यावाच लागतो. १९९० च्या सुमारास काश्मीरी पंडितांचे हजारों संसार खोऱ्यांतून उठले; त्यापुढील वर्षांत तेथेंच राहिलेल्यांपैकीं हजारों मारले गेले, कित्येक बेपत्ता झाले. पटांत वेदना आहे. ती कोणी दिली तें पट बहुधा सांगत नाहीं. सर्वांचें दुःख एकाच मोहक निळ्या-हिरव्या प्रवाहांत मिसळतें. मागील उताऱ्यांनीं ही उणीव भरून निघावी, तर तेथें बाराव्या शतकांतील इतिहासकार, चौदाव्या शतकांतील योगिनी आणि आजचा कादंबरीकार सारख्याच अक्षरांत शेजारीं शेजारीं बसलेले आहेत, आणि प्रमाणग्रंथ व कल्पित कथा यांतील भेद ओळखण्याचा भार वाचकावर पडतो. चित्रास साक्षीदाराचें काम सांगूं नये असें कोणी म्हणेल. पण चंपेच्या बारा पानांत याच हातांनीं तें काम चोख केलें होतें. सासरच्या आवारांत काय झालें याविषयीं तेथें संशयास जागा नव्हती. एका घराचा अपराध सांगणें सोपें, एका प्रदेशाचा अवघड, हें मान्य आहे. तरी उणीव ती उणीवच.

आपल्या सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या चित्रकथींत चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवितात, आणि एका कथेच्या चित्रांच्या जुडग्यास पोथीच म्हणतात. तेथें पाठीवर अक्षर नसतें. मजकूर गाणाराच्या मुखांत असतो, आणि तो गप्प झाला कीं पोथी मुकी होते. पैठणी शैलीचीं म्हणून ओळखलीं जाणारीं तशीं पानें पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत आहेत, आणि कथा ठाऊक नसलेला प्रेक्षक तीं केवळ ठसठशीत रंगांसाठीं पाहून पुढें जातो. श्रीमती शेख यांच्या पटांची तशी गत होऊं नये अशी व्यवस्था त्यांनीं स्वतः करून ठेविली, परंतु ती व्यवस्था राखणारे दुसरेच असणार. पटांचीं छायाचित्रें फिरतात तीं बहुतकरून पुढील बाजूचींच. एखादा पट उद्यां एखाद्या संग्रहांत जाऊन भिंतीस लागला तर मागचें अंग दिसणार नाहीं, आणि शंभर वर्षांनीं सूचि करणारा ‘डोंगर, नदी व स्त्रिया, विषय अज्ञात’ अशी नोंद करील. त्यापूर्वींच प्रत्येक पटाच्या पाठीवरील उतारे, ग्रंथाचें नांव, तरंग व श्लोकांक यांसह, कोणी तरी उतरून घ्यावयास हवे आहेत. राजतरंगिणीपुरतें हें काम पुण्यांत बसूनही करतां येईल. स्टाइन व पंडित या दोहोंचीं भाषांतरें ताडून कोणता उतारा कोणाचा हें ठरविणें, आणि समोर मूळ श्लोक मांडणें, यास पाठांचीं छायाचित्रें तेवढीं मिळालीं पाहिजेत.